ही म्हणजे कोण?

शंभुलिंग बिराजदारांनी नोकरीत बदल्या सोसल्या, चौकशा सोसल्या, एकदा तर साहेबांच्या मेव्हण्याचं गाणंसुद्धा पहिल्या रांगेत बसून सोसलं. पण आपल्या इंग्रजीला कोणी नाव ठेवलेलं मात्र त्यांना सोसलं नाही.

धाराशिवातल्या जनावरांच्या खात्याच्या एका ऑफिसात ते वरिष्ठ सहायक होते. शेळ्यांच्या लसीकरणाचे अहवाल इंग्रजीत लिहावेत ते बिराजदारांनीच, असं तिथं सगळे मानत; म्हणजे निदान दुसरं कोणी लिहायला पुढं येत नसे. त्यांची शैली ठरलेली. ‘कॅम्प वॉज हेल्ड. गोट्स केम. गोट्स वेअर इंजेक्टेड. गोट्स वेंट.’ आजवरच्या एकाही साहेबाला यात काही कमी वाटलं नव्हतं. शेळ्या आल्या, टोचल्या, गेल्या. याहून जास्त शेळीच्या आयुष्यात काय घडतं?

पण नव्या मॅडम आल्या. मॅडम तमिळनाडूकडच्या. मराठी भराभर शिकत होत्या, पण अहवाल इंग्रजीत वाचत आणि हिरव्या शाईनं शेरे मारत. बिराजदारांच्या अहवालावर त्यांनी लिहिलं, ‘वाक्यं फार छोटी आहेत. सबॉर्डिनेट क्लॉजेस वापरा.’

बिराजदारांनी शेरा तीनदा वाचला. सबॉर्डिनेट म्हणजे हाताखालचा माणूस, हे उभ्या नोकरीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. क्लॉज म्हणजे कलम. म्हणजे अहवालात हाताखालच्या माणसाचंही कलम घाला. मॅडम लोकशाहीवादी दिसतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांच्या हाताखाली माणूस एकच, गुंडाप्पा शिपाई. येरमाळा आणि जळकोट, दोन्ही कॅम्पचे पुढचे अहवाल असे गेले : ‘कॅम्प वॉज हेल्ड. गुंडाप्पा वॉज प्रेझेंट. गोट्स केम. गुंडाप्पा सॉ देम. गोट्स वेअर इंजेक्टेड बिफोर गुंडाप्पा. गोट्स वेंट. गुंडाप्पा रिमेन्ड.’

मॅडमनी बोलावलं. पण बिराजदारांना नाही, गुंडाप्पाला. तो बऱ्याच वेळानं तोंड पुशीत बाहेर आला.

“भावसाब, मॅडम म्हनल्या, तुमच्यासारखी मानसं खात्याला पाह्यजेत.”

“मग तू काय म्हणालास?”

“व्हय म्हनलं. मग च्या दिला. येरमाळ्यात आन् जळकोटात एकाच दिवशी तुम्ही हजर कसे, आसं इचारलं. म्हनलं, यष्टीनं.”

“बिस्किट दिलं?”

“दोन.”

बिराजदारांना मॅडमच्या केबिनमध्ये आजवर पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. ते दुखावलेच. आणि संध्याकाळी घरी जाताना ते सरळ भागवत गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसले.

गुरुजी गल्लीच्या टोकाला राहत. हायस्कूलला इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना ऐकणारं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. बिराजदारांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी आतून पाट मागवला, खडू मागवला आणि ओट्याच्या फरशीवरच लिहायला सुरुवात केली.

“सबॉर्डिनेट क्लॉज म्हणजे गुंडाप्पा नव्हे, बिराजदार! गौण वाक्य. त्याला एकट्याला उभं राहता येत नाही. हू, व्हिच, व्हेन, बिकॉज, दो, यातलं काहीतरी लावायचं आणि मुख्य वाक्याला नेऊन टेकवायचं.”

“आणि पूर्णविराम?”

“होता होईल तो टाळायचा. आता दुसरं. नाव एकदा आलं की पुन्हा लिहायचं नाही, सर्वनाम वापरायचं. तुम्ही गोट्स, गोट्स, गोट्स करता. वाचणाऱ्याला शेळीचा वास येतो. इंग्रजीत बाप्याला ‘ही’ म्हणतात आणि बाईला ‘शी’.”

“बाप्याला ही?”

“इंग्रजांचं सगळं उलटंच. आपला ‘तो’ म्हणजे त्यांचा ‘ही’. घोका.”

समोरच्या कोंडाबाई कुंपणाला ओणवून ऐकत होत्या. “अण्णा, इंग्रजीला काय भ्यायचं?” त्या म्हणाल्या. “आमचा नातू झोपंत बोलतो.” तो झोपेत काय बोलतो हे मात्र घरात कोणालाच कळत नसल्यामुळं त्या माहितीचा फारसा उपयोग झाला नाही.

त्या आठवड्यात बिराजदारांना गौण वाक्यांचा नादच लागला. इंग्रजीत अजून धीर होत नव्हता म्हणून ते मराठीतच सराव करत. ताटावर बसले की म्हणत, “जी भाजी, जी काल उरली होती, कारण ती खारट झाली होती, ती आज पुन्हा का आहे?”

महानंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “कारण जो माणूस, ज्याला मी बाजारला जा म्हणलं होतं, तो फरशीवर खडूनं लिहीत बसला होता, म्हणून.”

बिराजदार घास हातात घेऊन थक्क होऊन बघत राहिले. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होतं.

आता इथं डॉक्टर उत्कर्ष यांची ओळख करून द्यायला हवी. तुळजापूर तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून लागलेला तरणा मुलगा. रंगानं सावळा, दाढी काळीभोर, हाताला गुण. बिराजदारांची मुलगी अर्पिता लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची; तिच्यासाठी या डॉक्टरचं स्थळ चालून आलं होतं. पत्रिका जमली होती, फोटो पसंत पडले होते. राहिली होती फक्त समोरासमोरची भेट आणि डॉक्टरच्या मामांचा होकार. हे राजशेखरमामा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात कुठल्याही कागदाला त्यांनी मोठ्यानं वाचल्याशिवाय किंमत नसे.

अशा मोक्याच्या वेळी मॅडमनी बिराजदारांना बोलावलं. खात्याच्या पत्रिकेसाठी इंग्रजीत एक छोटा लेख हवा होता : जळकोटच्या धोंडीबांच्या उस्मानाबादी बोकडावर. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं कोणी बदललं नव्हतं. बोकडाचं नाव बादशा. प्रदर्शनात पहिला आलेला, आसपासच्या गावांतल्या शेळ्यांना चांगली पैदास देणारा, मोठा नामांकित बोकड. आणि या बादशाची देखभाल करत होते खुद्द डॉक्टर उत्कर्ष!

बिराजदारांच्या मनात लख्ख उजेड पडला. लेख बोकडावर, पण सुरुवात जावयापासून केली तर? होणारा जावई सरकारी पत्रिकेत, तोही इंग्रजीत, तोही मुख्य वाक्यात! त्यांनी दार लावून घेतलं, गुंडाप्पाला बाहेर बसवलं आणि गुरुजींचे दोन्ही नियम समोर ठेवून लिहिलं :

‘डॉक्टर उत्कर्ष, हू इज यंग, लुक्स आफ्टर बादशा, हू इज ब्लॅक अँड हॅज ब्युटिफुल बिअर्ड. व्हेन ही एंटर्स द व्हिलेज, ऑल फीमेल्स गॅदर. बिकॉज ही इज व्हेरी स्ट्राँग, ही हॅज गिव्हन मोर दॅन हंड्रेड किड्स इन जळकोट अँड सराउंडिंग व्हिलेजेस. दो ही स्मेल्स, पीपल लव्ह हिम. व्हेन ही इज अँग्री, ही बाइट्स, सो ही इज टाइड टू नीम ट्री.’

त्यांनी कागद लांब धरून पाहिला. हू होतं, व्हेन होतं, बिकॉज होतं, दो होतं. नाव एकदाच, मग सर्वनामंच सर्वनामं. किड म्हणजे करडू, हा खास शब्दसुद्धा त्यांनी डिक्शनरीत बघून घातला होता. त्यांचा ऊर भरून आला. लेख मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम दौऱ्यावर गेलेल्या. मग भरल्या उरानंच त्यांनी त्याचा फोटो काढला आणि राजशेखरमामांना पाठवला. खाली लिहिलं, ‘आपल्या भाच्याचं सरकार दरबारी कौतुक. आपला नम्र.’

मामांचा फोन यायला चहा थंड व्हायचासुद्धा वेळ लागला नाही.

“बिराजदार,” मामा सावकाश म्हणाले, “स्थळ पसंत नसलं तर सरळ सांगायचं हुतं.”

“म्हणजे? काय झालं, मामा?”

“आमच्या पोराला जळकोटात शंभरावर लेकरं आहेत म्हणता?”

“लेकरं नाहीत हो, करडं!”

“किड्स म्हणजे लेकरं. आमच्या नातवाच्या शाळेच्या पाटीवर लिव्हलंय. ही सगळी लेकरं काय करडं हायेत का? आणि तो चावतो? लिंबाला बांधतात त्याला?”

“ते बोकडाचं आहे, मामा!”

“वाक्य कुणाच्या नावानं सुरू झालंय?”

वाक्य डॉक्टरांच्याच नावानं सुरू झालं होतं. त्याचाच तर त्यांना अभिमान होता.

ते धावत गुरुजींकडं गेले. गुरुजींनी लेख वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि खांबाला धरून बराच वेळ हसले. मग गंभीर झाले. “सर्वनाम नेमकं कोणाचं, हे कळायला नको का? दोघंही ही, दोघांनाही दाढी. सोपा उपाय सांगतो. जनावराला इंग्रजीत ‘इट’ म्हणतात. इट म्हणजे ते. ‘ही’ काढा, ‘इट’ घाला.”

कोणत्या ‘ही’च्या जागी घालायचं, हे गुरुजींनी सांगितलं नाही आणि बिराजदारांनी विचारलं नाही. त्यांना एक गोष्ट फार पटली होती. इट म्हणजे ते. डॉक्टरांना आपण ‘ते’च म्हणतो की! डॉक्टर आले, ते बसले, ते चहा प्याले. एकेरी ‘ही’पेक्षा हे किती अदबीचं! त्यांनी सगळे ‘ही’ काढले आणि सगळीकडं ‘इट’ घातलं. मामांची शंका फिटावी म्हणून शेवटी दोन वाक्यं वाढवली : ‘डॉक्टर उत्कर्ष इज व्हेरी गुड. इट इज अनमॅरिड.’ वर ‘सुधारित’ असं लिहून एक प्रत मॅडमच्या टेबलावर, एक मामांना.

“आता आमचं पोरगं ‘इट’?” मामा ओरडले. “अवो, आमच्या म्हशीला सुद्धा आमी इट म्हणत न्हाय!”

“आदरानं लिहिलंय, मामा! इट म्हणजे ते.”

“ते म्हणजे दगड, ते म्हणजे झाड, ते म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आदराचं ‘ते’ अनेकवचनी असतंय, बिराजदार. एवढं तरी येतं का?”

आता यात मामांचा मुद्दा बरोबर होता, आणि बिराजदार मोठ्या मनाचे असल्यामुळं त्यांनी तो लगेच मान्य केला. आदरार्थी अनेकवचन! साहेब आले, डॉक्टर बसले, मामा रागावले. इंग्रजीत अनेकवचन म्हणजे ‘दे’. गुरुजींना विचारायलासुद्धा ते गेले नाहीत. त्यांनी रातोरात तिसरी प्रत काढली, वर ‘अंतिम सुधारित’ लिहिलं. ‘डॉक्टर उत्कर्ष आर यंग. दे आर अनमॅरिड. दे हॅव गिव्हन मोर दॅन हंड्रेड किड्स.’

सकाळी मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा राग पार गेला होता. आवाज थंडगार होता, आणि तो रागाहून वाईट.

“आता किती जण हायेत?”

“कोण?”

“आमचे उत्कर्ष. रविवारी घेऊन येतो. मोजून घ्या.”

महानंदाबाईंना हे सगळं सांगावं लागलं. त्या बाजारला गेल्या, हुग्गीच्या खिरीसाठी गहू आणले, ते कांडले, आणि प्रत्येक घावासरशी नवऱ्याकडं बघितलं. अर्पिता लातूरहून आली. तिला तिन्ही प्रती वाचायला दिल्या तेव्हा ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून हुंदके ऐकू यायला लागले. बिराजदारांचं काळीज फाटलं. पोरीचं जमत आलेलं लग्न आपण चार सर्वनामांपायी मोडलं! मग जरा नीट कान देऊन ऐकलं तेव्हा ते हुंदके हसण्याचे निघाले. पण त्यानंही त्यांचा जीव थाऱ्यावर आला नाही. लेक हसली म्हणून मामा थोडेच हसणार?

रविवारी मंडळी आली. पुढं राजशेखरमामा, तिन्ही प्रती छापून आणलेल्या. मागं डॉक्टरची आई तुळजाबाई. आणि शेवटी स्वतः डॉक्टर उत्कर्ष, संख्येनं एक. उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. त्यांना अजून कोणी काही दाखवलेलं दिसत नव्हतं, कारण ते सगळ्यांकडं बघून निर्मळ हसत होते.

पाणी आलं. मामांनी चष्मा चढवला आणि खाकरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “ही हॅज गिव्हन...”

“ही?” तुळजाबाई एकदम सावरून बसल्या. “ही कोण बाई?”

“ही म्हणजे तो, अक्का.”

“मंग तो म्हना की.”

“इंग्रजीत तो म्हणजे ही. तुमचा उत्कर्ष. त्याला शंभरावर लेकरं आहेत, असं सरकार म्हणतंय.”

डॉक्टर पाणी पीत होते. ते पाणी कुठं गेलं कोणास ठाऊक, पण पोटात गेलं नाही. ठसक्यावर ठसका. तुळजाबाई लेकाच्या पाठीवर थोपटत होत्या आणि थोपटता थोपटताच विचारत होत्या, “खरं सांग रं, कुठं हायेत लेकरं?”

“जळकोटात,” मामांनी कागदावरून सांगितलं, “आणि आसपासच्या गावात.”

बिराजदार उठले, बसले, पुन्हा उठले. “मी स्पष्टीकरण देतो,” ते म्हणाले. “म्हणजे जे डॉक्टर, जे बोकडाला, ज्याला दाढी आहे, ते...”

“कुणाला दाढी आहे?” मामांनी विचारलं.

बिराजदार पुन्हा बसले.

तेवढ्यात अर्पिता चहा घेऊन आली. ट्रे ठेवला, मामांच्या हातातला कागद नम्रपणे मागून घेतला आणि डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसली. “मला जरा विचारायचंय,” ती म्हणाली. चेहरा परीक्षा घेणाऱ्या बाईंचा. “राग आला की चावतो, तो कोण?”

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि पट्टीचा अंगठा वर केला. “तो बोकड. हे परवाचंच.”

“वास येतो, तो?”

“तो...” डॉक्टर जरा थांबले. “बोकडालाही येतो. दिवसभर त्याच्याजवळ काढला की मलाही येतो. आज दोनदा अंघोळ केली आहे.”

“गावात शिरलं की सगळ्या बायका गोळा होतात?”

“शेळ्या. बायका येतात त्या मला शिव्या द्यायला. बोकडानं परसातली मेथी खाल्लेली असते.”

“आणि लिंबाला बांधतात, ते?”

“अजून तरी बोकडालाच.”

अर्पितानं कागद तोंडापुढं धरला. कागद हलत होता. तुळजाबाईंनी एकदा मुलाकडं, एकदा मुलीकडं बघितलं आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसल्या. “शंभर करडं व्हय!” त्या म्हणाल्या. “मंग आधी सांगायचं न्हाय का? माझं काळीज पार बसलं हुतं. राजशेखर, ठेव ते कागुद.”

पण मामा कागद ठेवणारे नव्हते. त्यांच्याकडं अजून दोन प्रती शिल्लक होत्या. “करडं मानली,” ते म्हणाले. “पण पोराला ‘इट’ म्हणलेलं मी इसरणार न्हाय. त्याचा खुलासा पाहिजे. लेखी.”

‘लेखी’ म्हटल्याबरोबर महानंदाबाई स्वयंपाकघरातून धावत दारात आल्या, कारण त्यांच्या नवऱ्याचा हात खिशातल्या पेनाकडं गेला होता. आणि त्याच क्षणी त्याच खिशातला फोन वाजला. मॅडम!

बिराजदार फोन घेऊन व्हरांड्यात गेले.

“बिराजदार, तुमचे तिन्ही रिपोर्ट वाचले,” मॅडम म्हणाल्या. “मी घरी खूप हसली. नंतर नीट वाचला. पहिलाच घेतला आहे मी. फक्त डॉक्टर काढून टाकला. बादशापासून सुरुवात केली. आता सगळे ‘ही’ बरोबर आहेत. क्लॉजेसपण चांगले आहेत. व्हेरी गुड. उद्या चहाला या.”

बिराजदार फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. व्हेरी गुड! क्लॉजेस चांगले! म्हणजे त्यांचं एकही सर्वनाम चुकलं नव्हतं. चुकून मधे आला होता तो एकटा डॉक्टर. गल्ली, कुंपण, गुरुजींचा ओटा, सगळं त्यांना एकदम सोन्यासारखं दिसायला लागलं. ते जवळजवळ पळतच आत आले.

“झालं!” ते ओरडले. “मिटलं सगळं! मॅडमनी डॉक्टरांना काढून टाकलं!”

तुळजाबाईंच्या हातातला कप बशीवर आपटला. मामा ताडकन उभे राहिले. “नोकरीवरून?”

“नाही, नाही! ते ‘ही’ मधे येत होते म्हणून! आता बोकडच राहणार! बोकड बरोबर आहे!”

“ह्या माणसानं,” मामा टोपी घालता घालता म्हणाले, “पोराचं नावच घालवलं न्हाय, नोकरीसुद्धा खाल्ली.”

“वाक्यातून, अप्पा!” अर्पिता हसत हसत ओरडली. “वाक्यातून काढलं म्हणा!”

“तेच म्हणतोय मी! वाक्यातून!”

डॉक्टर उत्कर्ष उठले. मामांना हाताला धरून खाली बसवलं, त्यांची टोपी काढून घेतली आणि बिराजदारांकडं वळले. दाढीतून हसू लपत नव्हतं, पण कान लाल झाले होते.

“वाक्यातून काढलं त्याला हरकत नाही,” ते म्हणाले. “घरात घेताय का, तेवढं सांगा.”

बिराजदारांनी मान डोलावली, हात वर केला, आणि जो प्रसंग, ज्याला शोभेल असं एक भलंमोठं वाक्य त्यांच्या ओठावर आलं होतं, ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं. महानंदाबाईंनी पुढं होऊन त्यांना बाजूला सारलं. अर्पिताकडं एकदा बघितलं. अर्पितानं खाली बघत कागदाची घडी घातली आणि हळूच मान हलवली.

“घेतलं,” महानंदाबाई म्हणाल्या. “आता हात धुवा. हुग्गी गार होतीय.”